अब्बांचा प्रिंटर

अब्बांनी तीन दिवस घरात कुणालाच काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी फजरनंतर ते मशिदीतून परत यायला उशीर झाला म्हणून मी बघायला गेलो, तर वुजूच्या हौदाशेजारच्या कट्ट्यावर एकटेच बसलेले. रमजानचे शेवटचे दिवस, ईद दोन-तीन दिवसांवर. मी शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बैतुलमाल के पैसे गये."

अब्बा एस.टी.च्या लेखा शाखेत एकतीस वर्षं होते. रोजच्या भरण्यात दोन रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत घरी यायचे नाहीत, असं अम्मी अजून सांगते. निवृत्तीनंतर मोहल्ल्यातल्या लोकांनी बैतुलमालचा हिशेब त्यांच्याकडे दिला. काही विधवांना महिन्याचं रेशन, बेवारस मय्यतीचा कफन-दफनचा खर्च, दोन-चार मुलांची फी, एवढाच व्यवहार. कमिटीचं बँकेत खातं आहे, पण त्यावर दोघांच्या सह्या लागतात आणि त्याला यूपीआय जोडलेलं नव्हतं. त्यामुळे रमजानात लोक जकात, फितरा अब्बांच्याच फोनवर पाठवायचे. ईदनंतर अब्बा एकरकमी कमिटीच्या खात्यात भरायचे. सगळे असंच करायचे, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

त्या दिवशी पावत्या छापायच्या होत्या आणि प्रिंटर चालेना. संगणकावर 'ऑफलाइन' असं दिसत होतं. मी शाळेत, मुलगा क्लासला. अब्बांनी गुगलवर त्या कंपनीचं नाव टाकून पुढं 'कस्टमर केअर नंबर' असं लिहिलं आणि वर जो नंबर आला तो लावला.

इथं थोडं थांबतो. आपण घरातल्या मोठ्यांना काय सांगत असतो? अनोळखी नंबर उचलू नका. अब्बांनी कुठलाही अनोळखी नंबर उचलला नव्हता. फोन त्यांनीच केला होता. नको त्या वेळी, नको त्या माणसाचा फोन येईल या धोक्यासाठी आपण त्यांना तयार केलं होतं. आपण स्वतःहून चालत चोराच्या दारात जाऊ, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गुगलवर वर दिसणारी जागा पैसे देऊन जाहिरातीसाठी घेता येते, मॅपवरच्या दुकानाचा किंवा बँकेचा फोन नंबर बदलावा असं कुणीही सुचवू शकतो. वर आहे म्हणजे खरं आहे, ही समजूत कुठून आली कोण जाणे. बहुधा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून आली असावी.

पलीकडच्या माणसानं नाव विचारलं. अब्बांनी सांगितलं. लगेच उत्तर आलं, "अस्सलामु अलैकुम चाचा." स्वतःचं नावही त्यानं आपल्यातलंच सांगितलं. रोजा आहे का, तब्येत कशी आहे, अशी विचारपूस झाली. मग एक अ‍ॅप संगणकावर घ्यायला लावलं, त्यातला नऊ-दहा आकडी क्रमांक वाचून दाखवायला सांगितला, आणि माउसचा बाण आपोआप हलू लागला. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही अ‍ॅप चोरांची नाहीत. माझ्या मेहुण्याच्या ऑफिसात रोज वापरतात, दुरून संगणक दुरुस्त करायला. पण तो क्रमांक सांगून परवानगीचं बटण दाबलं, की आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते. रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्कबद्दल बँकांना २०१९च्या फेब्रुवारीतच सावध केलं होतं. बँकांपासून अब्बांपर्यंत ती गोष्ट पोहोचली नाही.

मग त्या माणसानं अब्बांना एक खिडकी उघडून दाखवली. लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी. "चाचा, ये सब हॅकर बैठे हैं आप के कंप्यूटर में. प्रिंटर इसी लिये बंद है." त्या रात्री मी माझ्या लॅपटॉपवर तीच खिडकी उघडली. विंडोजमध्ये तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. माझ्याकडेही शेकडो लाल-पिवळ्या खुणा होत्या. एखादी फाइल उशिरा उघडली, एखादा प्रोग्रॅम नीट बंद झाला नाही, अशा बारीकसारीक नोंदी संगणक स्वतःच करत राहतो. चांगल्या, धडधाकट संगणकातही त्या असतात. म्हणजे डॉक्टरनं रक्ताच्या अहवालातले आकडे दाखवून निरोगी माणसाला घाबरवावं तसा प्रकार. याच जातीची दुसरी युक्ती म्हणजे पडदाभर पसरणारी सूचना: तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ती खोटी, एवढं एक घरात सगळ्यांना पाठ असलं तरी पुष्कळ झालं.

नोंदणीसाठी फक्त दहा रुपये भरायचे होते. अब्बांनी नेटबँकिंग उघडलं. पासवर्ड टाकताना तो माणूस बघत होता. मग 'मोबाइल व्हेरिफिकेशन'साठी तसंच अ‍ॅप फोनवरही घ्यायला लावलं. आता फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी त्याला दिसत होता. संगणकाचा पडदा काळा झाला. "अपडेट चालू आहे, वीस मिनिटं हात लावू नका, कुणाचा फोन उचलू नका." इतक्यात अस्रची अजान झाली. अब्बा म्हणाले, माझी जमात आहे. तर तो म्हणाला, "आप नमाज पढ के आइये चाचा, तब तक हो जायेगा."

अब्बा नमाजला गेले. चार व्यवहारांत एकोणनव्वद हजार रुपये गेले. त्यातले एक्केचाळीस हजार बैतुलमालचे.

हे सगळं कट्ट्यावर ऐकल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, ते मी लिहिणार नव्हतो. पण त्याच वाक्यासाठी हा लेख आहे. मी म्हणालो, "ओटीपी कायकू दिये अब्बा?"

त्यांनी ओटीपी दिलाच नव्हता. मी ऐकून घेतलंच नव्हतं. जी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर शंभरदा वाचली होती, ती त्यांच्यावर फेकली. मी वीस वर्षं उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. उत्तर चुकलं म्हणून ज्या मुलावर वर्ग एकदा हसतो, ते मूल पुन्हा हात वर करत नाही, हे मला कुणी सांगायला नको. बी.एड.ला त्यावर पाच मार्कांचा प्रश्न होता. आणि घरात मी तेच केलं. तीन दिवस गप्प का बसले असं विचारल्यावर अब्बा म्हणाले, "तुम लोगां हसते." दुसरं कारण त्यांनी नंतर सांगितलं, त्याकडे येतो.

या प्रकारात वेळ हाच पैसा असतो. १९३० हा नंबर त्यासाठीच आहे. चोरीला गेलेली रक्कम एका खात्यात राहत नाही, ती तासाभरात तीन-चार खात्यांतून फिरते आणि कुठल्यातरी एटीएममधून बाहेर पडते. लगेच १९३०वर तक्रार केली तर वाटेतल्या खात्यांत ती गोठवता येते. आम्ही चौथ्या दिवशी फोन केला. तरीही एका खात्यात बारा हजार अडकलेले सापडले. ते अजून परत मिळायचे आहेत. बाकीचे गेले. तेव्हा तीन दिवसांच्या गप्प बसण्याची किंमत काढायची तर ती मला काढता येते, आणि ती किंमत त्या चोरानं नाही, माझ्यासारख्या हसणाऱ्या मुलांनी वसूल केली आहे.

बँकेत गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, तुम्ही स्वतःच अ‍ॅप घेतलंत ना, मग आम्ही काय करणार. अर्धं खरं आहे. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७च्या परिपत्रकात असं सांगितलं होतं, की ग्राहकानं स्वतःच्या निष्काळजीपणानं माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेचीच. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. म्हणून लेखी कळवायचं, पोच घ्यायची, तारीख-वेळ टाकायची. अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून पोच घेतली. स्वतःच्या वेळी हात थरथरत होता, म्हणून अर्ज मी लिहिला.

आता ते दुसरं कारण. मी विचारलं, आम्हाला नाही तर निदान पोलिसांत तरी जायचं होतं. अब्बा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, काय सांगू त्यांना? मशिदीचे पैसे माझ्या खात्यात होते म्हणून? ते विचारतील कुणाचे, कुठून आले, कशासाठी. तू शिकलेला आहेस, तुला कळत नाही?

मला कळतं. आपल्या घरांत हे सगळ्यांना कळतं, बोलत कुणी नाही. आपल्या नावाच्या माणसाला पोलीस ठाण्याची पायरी जरा जास्त उंच वाटते. हे बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, पण चोर वाद घालत बसत नाहीत, ते या भीतीवर धंदा करतात. ती 'डिजिटल अरेस्ट'ची फसवणूक पाहा. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो, तुमच्या आधारवर पार्सल सापडलं, तुमचं खातं मनी लाँड्रिंगमध्ये आहे, खोलीतून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये तिच्यावरच सांगितलं होतं. फसणाऱ्यांत सगळ्या धर्माचे, मोठमोठे अधिकारी, डॉक्टर आहेत. पण 'तुमचं नाव एका केसमध्ये आलंय' हे वाक्य एखाद्या कुलकर्णी काकांना जसं ऐकू येतं तसंच ते माझ्या अब्बांना ऐकू येतं, असं मला वाटत नाही. कुलकर्णी काका म्हणतील, काहीतरी चूक झाली असेल. अब्बांना वाटेल, आता कोण ऐकणार.

सायबर विभागात मात्र आमचा अनुभव वेगळा आला, आणि तोही लिहायला हवा. अर्ज घेणाऱ्या हवालदार ताईंनी आधी पाणी विचारलं, मग रोजा असेल हे लक्षात येऊन स्वतःच ओशाळल्या. बैतुलमाल म्हणजे काय हे मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, 'समाजाच्या गरीब फंडाची रक्कम'. अब्बा मला हळूच म्हणाले, 'अमानत' लिहायला सांग. ताईंनी ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ठेव ना?" ठेव आणि अमानत यांत फरक आहे, तो मी वर्गात समजावून सांगितला असता. तिथं म्हटलं, हो, ठेवच. अर्धा तास लागला. कुणीही अब्बांना उलटसुलट विचारलं नाही. दर वेळी, दर ठाण्यात असंच होईल असं मी म्हणत नाही. पण या भीतीपायी आपण तक्रारच करत नाही, हे चोरांना ठाऊक आहे एवढं नक्की. शिवाय तक्रार १९३०वर फोननं किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्याही नोंदवता येते. पहिल्या तासात पायरी चढायची गरजच नाही.

म्हाताऱ्यांना अक्कल नसते म्हणून ते फसतात, असं मला आता कुणी सांगितलं की मी त्याला जिम ब्राउनिंगचं उदाहरण देतो. हा ब्रिटिश माणूस याच टोपणनावानं यूट्यूबवर प्रसिद्ध आहे. खोट्या टेक सपोर्टवाल्यांच्याच संगणकात शिरून त्यांचे चेहरे जगाला दाखवतो. त्यांची प्रत्येक युक्ती त्याला माहीत. तर २०२१मध्ये यूट्यूबचा सपोर्ट असल्याचं सांगून एका ठकानं त्यालाच गाठलं आणि त्याच्याच हातून त्याचं चॅनल डिलीट करवून घेतलं. पुढं ते परत आलं. त्यानं स्वतःच्या फजितीचा व्हिडिओ करून जगाला सांगितलं. हे धाडस मला त्याच्या सगळ्या शोधांपेक्षा मोठं वाटतं.

आणि आपल्यातल्या सभ्यपणाचं काय करायचं? अब्बा म्हणाले, "आदमी तमीज से बात कर रहा था, फोन कैसे काटता?" हा धंदा तमीजवरच चालतो. समोरचा सलाम करतो, तर उत्तर द्यावं लागतं. चाचा म्हणतो, तर बेटा म्हणावं लागतं. बोलणं पुरं झाल्याशिवाय, खुदा हाफिज म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही हे आपणच मुलांना शिकवलं. आता मी माझ्या वर्गात फोन कट करायचा सराव घेतो. खरंच घेतो. एक मुलगी बँकवाली होते, दुसरा आजोबा. बँकवाली गोडगोड बोलते आणि आजोबांनी मध्येच फोन ठेवायचा. मुलं हसतात, पण सुरुवातीला खरोखर जमत नाही त्यांना. मराठीच्या तासाला संवादलेखन असतं, त्यातच बसवलंय. अधिकाऱ्यांनी विचारलं तर अभ्यासक्रमातच आहे म्हणून सांगेन.

एक कडू गोष्ट राहिली. ते एकोणनव्वद हजार ज्या खात्यांतून फिरले, ती खाती कुणाची होती? सायबरवाल्या ताईंनी सांगितलं ते असं: बहुतेक वेळा गरिबाघरचं पोर किंवा बाई. महिन्याला दोन-चार हजार मिळतात म्हणून पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली केलेलं. पोलीस आधी त्यांच्याच दारात येतात. आपल्या मोहल्ल्यांत 'खातं भाड्यानं' देणारे नाहीत असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

आणि फोनच्या पलीकडे बसलेला तो सलाम करणारा मुलगा? ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या आयकर खात्याच्या नावानं धमकावून पैसे उकळले जात होते. शेकडो तरुण-तरुणी एका रात्रीत ताब्यात घेतले गेले. बरं इंग्रजी बोलणारी, पहिल्यांदाच पगार बघितलेली पोरं ती. माझा एक जुना विद्यार्थी मागच्या वर्षी ईदला भेटायला आला होता. नवी बाइक, हातात महागडं घड्याळ. काय करतोस विचारलं तर म्हणाला, "कस्टमर सपोर्ट सर, नाइट शिफ्ट." कंपनी कुठली, तर हसला. मी पुढं विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं. अमेरिकेतल्या म्हातारीला लुटलं तर काय बिघडलं, असं बोलणारे मी चहाच्या टपरीवर ऐकले आहेत. ती म्हातारीही कुणाची तरी अम्मी आहे हा उपदेश त्यांना पटणार नाही. पण जो हात तिकडे लुटायला शिकतो तो इकडच्या चाचाचा नंबर लावायला किती दिवस घेईल? थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेली भारतीय पोरं म्यानमार आणि कंबोडियात डांबून ठेवून हेच काम करायला लावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. जुम्याच्या बयानात सूद आणि दारूवर बोलतात, बोलायलाच हवं. भाड्यानं दिलेल्या खात्याच्या कमाईवरही एकदा बोला, अशी मी आमच्या इमामसाहेबांना विनंती केली आहे. ते म्हणाले, आधी मला नीट समजावून सांग. हे उत्तर मला आवडलं.

घरात आम्ही थोडेफार बदल केले. अब्बांच्या यूपीआयला आता वेगळं खातं जोडलंय, त्यात पाच-सात हजारांच्या वर ठेवत नाही. पेन्शनच्या खात्याचं नेटबँकिंग बंद. कुठल्याही कंपनीचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, तो खोक्यावर, बिलावर किंवा कार्डाच्या मागच्या बाजूला बघायचा. बँकांच्या वेबसाइटच्या पत्त्याचा शेवट आता 'डॉट बँक डॉट इन' असा असायला लागलाय, तो बघायचा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो देताना लागतो. टीव्हीशेजारी मोठ्या अक्षरांत १९३० लिहून चिकटवलंय, उर्दूत आणि मराठीत. आणि कमिटीच्या खात्याला आता स्वतःचा क्यूआर कोड आहे. यात दोन वर्षांपूर्वी करता आलं नसतं असं काहीच नव्हतं.

बैतुलमालचे एक्केचाळीस हजार अब्बांनी ईदच्या आधीच भरले. कमिटीवाले नको म्हणत होते. अब्बांनी अम्मीच्या आणि स्वतःच्या उमऱ्यासाठी ठेवलेली पोस्टातली रक्कम मोडली. अम्मी एक शब्द बोलली नाही. तिनं फक्त त्या दिवसापासून उमऱ्याची माहितीपुस्तिका कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिली.

प्रिंटर का बंद होता, ते माझ्या मुलानं दोन मिनिटांत शोधलं. आदल्या रात्री त्यानंच वायफायचा पासवर्ड बदलला होता.

ईदनंतरच्या एका गुरुवारी अस्रच्या नमाजनंतर अब्बा मशिदीत उभे राहिले. मी नको म्हटलं होतं, लोक काय म्हणतील म्हणून. म्हणजे मी अजून शिकलेलो नव्हतोच. त्यांनी जे घडलं ते ओळीनं सांगितलं, हिशेब वाचून दाखवावा तसं. कुणी हसलं नाही. बाहेर पडताना एकानं सांगितलं, माझे सोळा हजार गेले, वीज कापणार म्हणून मेसेज आला होता. दुसऱ्याच्या सुनेचे पार्सलच्या नावानं गेले होते. चपलांच्या मांडणीपाशी एक निवृत्त मुख्याध्यापक बराच वेळ चपला शोधत रेंगाळत होते. सगळे गेल्यावर त्यांनी अब्बांचा हात धरला आणि विचारलं, "तो अर्ज कसा लिहायचा असतो? माझे गेल्या शुक्रवारी गेले."